वेशीवरची आघाडी

आधुनिक युद्धात मोठमोठी सैन्ये कधी कधी अशा एखाद्या गावासाठी महिनोन्महिने झुंजतात, ज्याचे नावही त्या देशाबाहेर कोणाला ठाऊक नसते. युक्रेनमधील बाखमूत हे युद्धापूर्वी सुमारे ७० हजार वस्तीचे शहर. २०२२ च्या उन्हाळ्यापासून मे २०२३ पर्यंत तेथे घराघरासाठी लढाई चालली. अखेरीस जे हाती लागले, ते शहर नव्हते. विटामातीचे ढिगारे होते. दूरचित्रवाणीच्या कृपेने हे नाव मराठवाड्यातील घराघरांत पोहोचले. परंतु त्याच घरांपैकी किती घरांना हत्तीबेट आणि गोरटा ही नावे ठाऊक आहेत? तीही वस्त्यांसाठी आणि वस्त्यांमध्येच लढल्या गेलेल्या एका संग्रामाचीच नावे आहेत. तो संग्राम दूरदेशी झालेला नाही. देवणी, उदगीर, भालकी या टापूत, आजच्या पिढीच्या आजा-पणजांनी तो अनुभवला आहे.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा देवणी स्वतंत्र झाले नव्हते. आजचा देवणी तालुका १९९९ मध्ये अस्तित्वात आला. त्या काळी देवणी हे उदगीर तालुक्यातील, बिदर जिल्ह्यातील आणि निजामाच्या हैदराबाद संस्थानातील एक गाव होते. सुमारे ८२ हजार चौरस मैलांच्या आणि दीड कोटीहून अधिक लोकसंख्येच्या या संस्थानात बहुसंख्य प्रजा हिंदू होती, तर सत्ता एका घराण्याच्या मुठीत होती. निजामाने भारतात विलीन होण्यास नकार दिला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारशी त्याने 'जैसे थे' करार केला खरा; पण त्या कराराच्या आडोशाने संस्थानात शस्त्रे जमत होती आणि कासीम रझवीच्या रझाकार संघटनेला मोकळे रान मिळत होते. हा रझवी मूळचा लातूरमध्ये वकिली करणारा गृहस्थ. ज्या मातीने त्याला प्रतिष्ठा दिली, त्याच मातीवर त्याची टोळधाड उतरली.

या लढ्याचे स्वरूप समजून घ्यायचे, तर आघाडी म्हणजे नकाशावरची एखादी रेषा ही कल्पना प्रथम मनातून काढून टाकावी लागते. पश्चिमेला सोलापूर-बार्शीच्या बाजूस भारतीय संघराज्याची सरहद्द होती. तेथे सरहद्दीवर स्टेट काँग्रेसच्या तरुणांच्या छावण्या उभ्या राहिल्या. देवणी-उदगीरचा मुलूख मात्र त्या सरहद्दीपासून दूर, संस्थानाच्या पोटात होता. येथे मागे हटायला मोकळा प्रदेश नव्हता आणि पाठीशी सैन्यही नव्हते. येथे आघाडी प्रत्येक गावाच्या वेशीवर होती आणि दररोज सूर्यास्तानंतर ती नव्याने सुरू होत असे.

एका खेड्याला इतके महत्त्व का होते? निजामाची सत्ता टिकून होती ती खेड्यातून जाणाऱ्या तीन धाग्यांवर. पहिला धागा धान्याचा. लेव्हीच्या नावाखाली होणारी सक्तीची वसुली शेतकऱ्याच्या खळ्यावरूनच होत असे. दुसरा धागा पैशाचा. करोडगिरीच्या नाक्यांवर मालाच्या ये-जा करण्यावर जकात घेतली जाई. तिसरा धागा दळणवळणाचा. विकाराबादहून परळीकडे जाणारा लोहमार्ग बिदर, भालकी, उदगीर याच पट्ट्यातून जातो. जे गाव लेव्ही नाकारते, करोडगिरीचे नाके उठवून लावते आणि रात्री आलेल्या क्रांतिकारकाला भाकरी देते, ते गाव निजामाच्या हिशेबातून वजा होत असे. म्हणूनच रझाकारांचा रोष शहरांपेक्षा खेड्यांवर अधिक होता. गाव ताब्यात ठेवणे हीच त्यांची लढाई होती आणि गाव ताब्यात जाऊ न देणे ही जनतेची.

या भूमीला प्रतिकार नवा नव्हता. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले, ते याच उदगीरच्या रणात. विसाव्या शतकात आर्य समाजाने येथे जागृतीची ज्योत लावली. उदगीरचे भाई श्यामलाल यांनी १९३८ मध्ये बिदरच्या तुरुंगात देह ठेवला. पुढच्याच वर्षी आर्य समाजाच्या सत्याग्रहाने संस्थानाचे तुरुंग भरून गेले. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसने १९४७ मध्ये विलीनीकरणाची हाक दिली, तेव्हा ती ऐकणारे कान या भागात आधीच तयार होते. दशकभर आधी पेरलेले बी उगवून आले होते, इतकेच.

उदगीर तालुक्यातील देवर्जनजवळचे हत्तीबेट ही या प्रतिकाराची सर्वांत ठळक खूण. माळरानातून वर उठलेली ही टेकडी, तिच्या पोटात कोरलेली लेणी आणि माथ्यावरून चारही दिशांना पोहोचणारी नजर. जवळ तोफा नसलेल्या माणसांना याहून चांगला किल्ला कोणता मिळणार? परिसरातील तरुणांनी तेथे ठाण मांडले. त्यांची हत्यारे सैन्याची नव्हती. शेतकऱ्यांच्या घरात मिळू शकतील अशीच होती. पण हत्तीबेटाची खरी ताकद हत्यारात नव्हतीच. पायथ्याच्या गावांतून तेथे शिधा जात असे, बातमी जात असे आणि तोंडातून शब्द बाहेर पडत नसे. हजारो माणसांना एकच गुपित ठाऊक असणे आणि ते फुटू नये, हा पराक्रम कोणत्याही शौर्यपदकाच्या नोंदीत सापडत नाही.

नांदेड जिल्ह्यातील उमरी येथे ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी बँकेवर छापा घालून निजामी तिजोरीला धक्का दिला. त्याच संध्याकाळी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली आणि देश शोकात बुडाला. स्वाभाविकच उमरीची वार्ता देशाच्या कानावर पडली नाही. मराठवाड्याच्या संग्रामाचे हे जणू प्राक्तनच ठरले. तो लढला गेला, पण ऐकला गेला नाही.

आणि या लढाईची किंमत? ती गोरट्याने मोजली. आज कर्नाटकातील बिदर जिल्ह्यात असलेल्या या खेड्यावर मे १९४८ मध्ये रझाकार चालून आले. दोनशेच्या आसपास ग्रामस्थ मारले गेल्याचे सांगितले जाते. दक्षिणेतील जालियनवाला असा त्याचा उल्लेख होतो. जालियनवाला बागेचे नाव शाळकरी मुलाला पाठ असते. गोरट्याच्या स्मारकाचे उद्घाटन व्हायला मात्र मार्च २०२३ उजाडावा लागला. पाऊणशे वर्षांची ही उपेक्षा कोणा एका पक्षाच्या माथी मारून समाजाला हात झटकता येणार नाहीत. स्मरण हे सरकारचे काम आहे, असे मानणाऱ्या प्रत्येकाचा तीत वाटा आहे.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सेना संस्थानात शिरली. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या अधिपत्याखालील मुख्य तुकडी सोलापूरकडून आली. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल शत्रूने उडवून देण्याआधीच हाती आला. तुळजापुरात दोन तास झुंज झाली. दुपारपर्यंत उमरगा गाठले गेले. १५ तारखेला औरंगाबाद, १७ च्या पहाटे बिदर, आणि त्याच दिवशी निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. १८ सप्टेंबरला हैदराबादच्या सेनापतीने शरणागती पत्करली. सरदार पटेलांच्या निर्धाराला आणि सैन्याच्या शिस्तीला याचे श्रेय निःसंशय आहे.

परंतु पाच दिवसांच्या या विजयामागे तेरा महिने उभे होते. १५ ऑगस्टपासून १७ सप्टेंबरपर्यंत ज्या गावांनी लेव्ही दिली नाही, वाट दाखविली नाही, घाबरून मान तुकविली नाही, त्या गावांनी निजामाच्या सत्तेखालची जमीन आधीच सैल केली होती. सैन्य गावे जिंकते, पण ती राखून ठेवतात तेथे राहणारी माणसे. युद्धशास्त्राच्या ग्रंथांत हे वाक्य असो वा नसो, हत्तीबेटाच्या पायथ्याशी राहिलेल्यांना ते ठाऊक होते.

या संग्रामाला धर्मयुद्धाचे लेबल लावणारे दोन्ही बाजूंना आढळतात. त्यांनी शोएबुल्ला खान हे नाव लक्षात ठेवावे. 'इमरोज' या उर्दू दैनिकाच्या या तरुण संपादकाने रझाकारांचा निषेध करीत विलीनीकरणाची बाजू मांडली आणि ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर त्याची हत्या झाली. तो ज्या भारतासाठी मेला, तोच भारत भाई श्यामलाल यांच्याही डोळ्यांपुढे होता. तसेच, विजयानंतरच्या आठवड्यांत सुडाची जी लाट उसळली, तीही विसरता कामा नये. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावे नोंदविली. बिदर म्हणजे त्या वेळचे देवणी-उदगीरही. रझाकारांच्या पापाची शिक्षा निरपराध मुसलमान शेजाऱ्याला देणे हा न्याय नव्हता. अन्यायाविरुद्ध लढलेल्या समाजाने स्वतःच्या अंगणातला अन्याय झाकला, तर त्याच्या हुतात्म्यांचे तेज वाढत नाही, कमी होते.

आज प्रश्न आहे तो या स्मृतीच्या वारशाचा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बिदर जिल्हा दुभंगला. उदगीर, निलंगा, अहमदपूर इकडे आले. बिदर, भालकी कर्नाटकात गेले. १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला. प्रशासनाच्या सोयीसाठी हे योग्यच होते. पण नकाशाबरोबर इतिहासही फाडला गेला. १७ सप्टेंबर महाराष्ट्रात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो, कर्नाटकात २०१९ पासून तो कल्याण कर्नाटक उत्सव झाला आहे आणि तेलंगणात त्याच्या नावावरूनच पक्षोपक्षांचे वाद आहेत. केंद्र सरकारने २०२४ मध्ये हा दिवस हैदराबाद मुक्ती दिन म्हणून साजरा करण्याची अधिसूचना काढली. लढा एक, शत्रू एक, तुरुंगही एकच. आणि आठवणींची मात्र तीन स्वतंत्र दप्तरे! देवणीच्या विद्यार्थ्याला गोरटा परराज्यातले वाटते आणि भालकीच्या विद्यार्थ्याला हत्तीबेट.

ही फाटलेली चादर सरकारी अध्यादेशाने सांधली जाणार नाही. त्या काळी वीस वर्षांचा असलेला तरुण आज शंभरीच्या जवळ आहे. त्याची साक्ष घेण्याची संधी हातातून जवळजवळ निसटली आहे. उरली आहेत त्यांची मुले, घरातील जुने कागद, स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनाची प्रकरणे आणि गावागावांतील हुतात्म्यांची दगडावर कोरलेली, आता पुसट होत चाललेली नावे. प्रत्येक गावातील दोन-चार तरुणांनी एक वही घेऊन बसावे. आपल्या गावात त्या तेरा महिन्यांत काय घडले, कोण गेले, कोणी आसरा दिला, हे लिहून काढावे. देवणीच्या शाळेने एक सहल गोरट्याला न्यावी आणि भालकीच्या शाळेने हत्तीबेटाला. यासाठी ना निधी लागतो, ना मंत्र्यांची वेळ.

१७ सप्टेंबरला ध्वज फडकतो, राष्ट्रगीत होते आणि अर्ध्या तासात मैदान रिकामे होते. तो ध्वज तेथवर पोहोचावा म्हणून ज्यांनी आपली वेस सोडली नाही, त्यांची नावे त्या अर्ध्या तासात मोठ्याने वाचली गेली पाहिजेत. ज्या गावाला आपल्या वेशीवर कोण उभे राहिले होते हे सांगता येत नाही, ते गाव पुढच्या संकटाच्या वेळी कोणाच्या भरवशावर उभे राहणार?