पाच तारांचा बँजो

गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टीच्या तालावर तुम्ही नाचला असालच. तो बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजवायचं तंतुवाद्य. आजचा बँजो निराळा, अमेरिकेतला. डफासारखा ताणलेला गोल पडदा, लांब दांडी आणि पाच तारा. त्यातली पाचवी तार आखूड, तिची खुंटी दांडीच्या मधोमधच! या वाद्याचं मूळ आफ्रिकेत. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी ते समुद्रापार नेलं.

१९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज नावाचा तरुण बिल मन्रो यांच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या वाद्यवृंदात आला. अंगठा आणि दोन बोटांत नख्या चढवून तो बँजो असा झरझर वाजवी, की ऐकणारे थक्क होत. या वाद्यवृंदावरूनच त्या संगीताला पुढे 'ब्लूग्रास' म्हणू लागले.

न्यूयॉर्कमधल्या बेला फ्लेक या छोट्या मुलाने टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेच्या सुरुवातीला स्क्रग्जचा बँजो ऐकला आणि त्याला वेडच लागलं. (बेला हे नाव मुलीचं वाटलं ना? हंगेरीचे संगीतकार बेला बार्टोक यांच्यावरून ते ठेवलं होतं.) पण बँजो हाती आला तो १९७३ मध्ये, पंधराव्या वर्षी. आजोबांनी घेऊन दिला. शाळा संगीताचीच, पण तिथे बँजो शिकवतच नसत! वाट्याला आलं फ्रेंच हॉर्न हे फुंकवाद्य. त्यात स्वारी नापास झाली आणि तिची रवानगी गाणाऱ्यांच्या गटात झाली. बँजो तो शाळेबाहेर गुरू गाठून शिकला. पालकहो, त्या प्रगतिपुस्तकात बँजोला रकानाच नव्हता, हे मला फार बोलकं वाटतं.

शाळा संपताच तो बॉस्टनला एका वाद्यवृंदात गेला. १९७९ मध्ये स्वतःची पहिली तबकडी निघाली. आता सगळं सुरळीत होणार, असं वाटतं ना? पण तो वाद्यवृंदच मोडला. मग बेला आणि त्याचा मित्र मार्क शॅट्झ एक अख्खा उन्हाळा बॉस्टनच्या रस्त्यांवर वाजवत राहिले. तबकडी निघालेला कलाकार फुटपाथवर! तिथे श्रोता तिकीट काढून बसलेला नसतो. आवडलं तर थांबतो, नाहीतर पुढे चालू पडतो. तिथून दोघे गेले केंटकीला, म्हणजे बिल मन्रो यांच्याच राज्यात, आणि तिथे त्यांनी नवा वाद्यवृंद उभा केला.

पुढे फ्लेक यांची जोडी आपल्या मुंबईच्या उस्ताद झाकिर हुसेन यांच्याशी जमली. एडगर मेयर आणि बासरीवादक राकेश चौरसिया यांच्यासह केलेल्या त्यांच्या तबकडीला २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी डिसेंबरात उस्ताद गेले.

बँजो आणि तबला जमले कसे? बाकावर बोटं ठेवा. अंगठा एक, तर्जनी दोन, मधलं बोट तीन. आता न थांबता वाजवा : एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन. झाले आठ ठोके! ब्लूग्रास बँजोची बोटं एका प्रकारात अशीच फिरतात. तबला शिकणाऱ्यांना ही आठांची वाटणी लगेच ओळखू येईल. इतरांनी आधी सावकाश करून पाहा. मात्र तास चालू असताना नको हं!