खोदण्याची परवानगी

आमच्या सोसायटीचा नळजोड बदलायचा होता. इमारत १९७८ सालची. लोखंडी नळ आतून इतका गंजला होता की त्याचे भोक पेन्सिलीएवढे उरले होते. पाण्याची मुख्य वाहिनी रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जाते, त्यामुळे रस्ता आडवा खोदल्याशिवाय गत्यंतर नव्हते. मी २०१८ साली बँकेतून निवृत्त झालो होतो आणि रिकाम्या माणसाला सोसायट्या ताबडतोब हेरतात. 'तुम्हाला कागदपत्रांची सवय आहे,' असे म्हणून मला सचिव केले आणि फाइल हाती दिली. शहराचे नाव मुद्दामच घेत नाही. वाचकांनी आपापल्या शहराचे नाव घालून वाचावे, फारसे बिघडणार नाही.

सवय होती हे खरे. ३७ वर्षे मी लोकांचे अर्ज तपासले, त्रुटी काढल्या, परत पाठवले. आता काउंटरच्या दुसऱ्या बाजूला उभे राहण्याची पाळी आली. परवानाधारक प्लंबरचे पत्र, नकाशा, पाणीपुरवठा विभागाची मंजुरी, रस्ते विभागाची पाहणी, वाहतूक पोलिसांची ना हरकत. खोदाईचा आकार चौरस मीटरवर. डांबराचा दर वेगळा, काँक्रीटचा वेगळा, फुटपाथवरच्या पेव्हर ब्लॉकचा वेगळा. आमचा चर फुटपाथ आणि डांबर दोन्हींतून जात होता, त्यामुळे टिपणी एकदा परत आली. अभियंता जागेवर असे तेव्हा लिपिक रजेवर, आणि दोघेही असत तेव्हा फाइल वरच्या मजल्यावर. शिवाय पावसाळ्याच्या तोंडावर खोदाई बंद करण्याचा हुकूम निघतो, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत साऱ्या शहराच्या फायली एकाच टेबलावर येऊन पडतात. साडेतीन महिन्यांनी, मे २०१९ मध्ये, परवानगी हाती आली. मी पेढे आणले होते, हे आज लिहितानाही संकोच वाटतो.

काम सुरू झाले. अर्धा रस्ता आज, अर्धा उद्या, असा बेत. कंत्राटदाराची माणसे संध्याकाळपर्यंत फुटपाथ आणि अर्धा रस्ता खोदून गेली. चर कमरेइतका खोल. रस्त्याच्या बाजूला दोन बांबू आणि दोरी बांधली होती, फुटपाथच्या बाजूला काहीच नव्हते. पहाटे साडेपाचला समोरच्या वाड्यातल्या मावशी नेहमीप्रमाणे दूध आणायला निघाल्या आणि चरात पडल्या. खुबा मोडला. तेव्हा त्या ७४ वर्षांच्या होत्या.

मी इस्पितळात भेटायला गेलो तेव्हा महापालिकेला काय काय बोलायचे, याची मनात उजळणी करूनच गेलो होतो. मावशी शांतपणे म्हणाल्या, "अहो, तुमच्याकडे एखादा दिवा नव्हता का हो?"

घरी येऊन परवानगीचा कागद पुन्हा काढला. नववी अट अशी होती की अर्जदाराने चराला सर्व बाजूंनी कठडे घालावेत आणि रात्रभर लाल दिवा ठेवावा. अर्जदार म्हणून खाली सही माझी. ज्या माणसाने जन्मभर कर्जदारांना 'मंजुरीपत्राच्या अटी न वाचताच सही करता कशी?' म्हणून खडसावले, त्याने फक्त रक्कम आणि तारीख पाहून सही ठोकली होती. कंत्राटदार चुकला, पाहणीला कोणी फिरकले नाही, हे सगळे खरेच आहे. पण कागदावर नाव माझे होते.

ही अट काही कुणा अलीकडच्या साहेबाच्या डोक्यातून निघालेली नाही. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ सालचा. परवानगीशिवाय रस्ता उकरू नये, आणि परवानगी घेऊन उकरणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने कुंपण घालून रात्री पुरेसा उजेड ठेवावा, असे त्यात तेव्हापासून आहे. राज्यातल्या इतर महापालिकांसाठीच्या १९४९ च्या कायद्यानेही तोच धागा उचलला. रस्त्यावर विजेचे दिवे नव्हते त्या काळात कायद्याला आंधळ्या रात्रीची आठवण होती.

माझे म्हणणे एवढेच आहे की आपण परवानगी उघडण्याची देतो, बुजवण्याची कुणाकडूनच घेत नाही. ग्रामीण शाखेत असताना मी विहिरींसाठी कर्जे दिली. पैसे टप्प्याटप्प्याने सुटत. पहिला हप्ता दिला की खोदाई बघायला जायचे, टेप सोडून खोली मोजायची, मगच बांधकामाचा हप्ता. शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानातल्या खड्ड्यात आम्ही वाकून पाहत होतो. सार्वजनिक रस्त्यातल्या खड्ड्यात मात्र शुल्क भरल्याची पावती फाटली की कोणी वाकून पाहत नाही.

बुजवणे हेही एक काम आहे, हे मला त्यानंतर कळले. उकरलेली माती फुगते, त्यामुळे ती परत ढकलली की चर भरलेला दिसतो, उलट वर ढीगच उरतो. खरे तर तळाशी नळाभोवती वाळू, मग वीतभर जाडीचा एकेक थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस, असे वर येत यायचे असते. धुम्मस चालवायला माणूस आणि वेळ लागतो. तो वाचवला की पहिल्या पावसाचे पाणी तेच काम आपल्या पद्धतीने करते आणि रस्त्यावर आडवी घळ पडते. तोवर बिल निघालेले असते.

वरच्या पातळीवर काही हालचाल नाही असे नाही. जमिनीखालच्या वाहिन्या तुटू नयेत म्हणून खोदणाऱ्याने आधी कळवावे, यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये एक मोबाइल अॅप आणले. दूरसंचार वाहिन्यांसाठी २०१६ साली नियम झाले, २०२५ पासून त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. त्या २०१६ च्या नियमांत ६० दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाई. कंपन्यांच्या दृष्टीने ते ठीकच. पण परवानगी मिळाली असे मानता येते, तसा चर बुजला असे मानता येत नाही! आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे वा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश दिला. त्याचे स्वागत. मात्र बँकेच्या भाषेत ही बुडीत कर्जासाठीची तरतूद झाली, कर्ज बुडू नये म्हणून केलेली पाहणी नव्हे. निदान एक पावसाळा जाईपर्यंत अनामत रोखून धरावी, आणि ती सोडण्यापूर्वी एका माणसाने जागेवर जाऊन त्या पट्ट्यावरून चालून पाहावे. याला अॅप लागत नाही.

यंदा आमच्याच गल्लीत केबलवाल्यांनी पुन्हा खोदले. दुपारी फलक लागला, रात्री दिवा नव्हता. मी मीटर रूममधून वायर ओढून लाल बल्ब लावला. वॉचमन म्हणाला, "साहेब, हे आपलं काम नाही." मी त्याला काही समजावत बसलो नाही.

मावशी आता वॉकर घेऊन वाड्याच्या दारापर्यंत येतात. दूध मुलगा आणतो. आमची अनामत रक्कम अजून महापालिकेकडेच आहे, कारण ती परत मिळवायला चर नीट बुजवल्याचा दाखला लागतो. त्या जूनमध्ये आमचा चर चार बोटे खचला होता, तेव्हा दाखला मागायला मी गेलो नाही. सोसायटीच्या ताळेबंदात ती रक्कम दरवर्षी 'येणे' म्हणून दिसते आणि वार्षिक सभेत दरवर्षी कुणीतरी तिच्याविषयी विचारते.