आडनाव हरवलेले सुवर्णपदक

खेळातल्या गमतीजमती म्हणजे निव्वळ करमणूक, असे आपण समजतो. अमेरिकनांचे तसे नाही. त्यांच्या धसमुसळ्या व्यावसायिक फुटबॉलचा १९३२ चा निर्णायक सामना थंडी आणि बर्फामुळे शिकागोत छपराखाली खेळवावा लागला, तोही नुकत्याच उठलेल्या सर्कशीच्या मातीवर. मैदान जेमतेम ८० यार्डांचे! एवढीशी हकिगत, पण त्यांनी ती नीट लिहून ठेवली.

आणि आपण? निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे पैलवान हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, तांबड्या मातीत वाढलेल्या या गड्याने गादीवर सुवर्णपदक मिळवले. त्या स्पर्धेच्या याद्या मात्र चाळून पाहा. ८२ किलो गटापुढे नाव दिसते ‘हरिश राजिंद्र’! लातूरच्या एखाद्या पोराने तिथे आपला बिराजदार शोधला, तर तो सापडायचा नाही.

१९७७ साली बेळगावच्या मैदानात त्यांनी सत्पालला हरवले, ती कुस्ती जुनी माणसे अजून रंगवून सांगतात. पण सांगतात, तेवढेच. बिराजदार २०११ मध्ये गेले. ते मैदान डोळ्यांनी पाहिलेले लोकही आता थकले आहेत. त्यांच्याबरोबर या गोष्टीही जातील.

म्हणून सुट्टीत मुलांच्या हाती वही द्या. आजोबांना, वस्तादांना विचारून गाव, साल, नाव लिहून घ्या. तिकडे सर्कशीची मातीसुद्धा इतिहासात जाऊन बसली. आपण निदान पैलवानाचे आडनाव तरी जपू या.