दबलेली स्प्रिंग, उघडे डोळे

दुकानाचे शटर जड झाले की आपल्याकडचा पहिला उपाय म्हणजे नोकराला शिडीवर चढवणे. नांदेडचे वजिराबाद असो की लातूरची गंजगोलाई, हे दृश्य नवे नाही. शटरच्या वरच्या गोल पत्र्यात स्प्रिंगा असतात. शटर खाली ओढताना त्या पिळल्या जातात आणि वर ढकलताना तोच पीळ आपले ओझे हलके करतो. म्हणजे बंद शटर दिसते निवांत, पण आतली स्प्रिंग तेव्हाच सर्वाधिक ताणलेली असते. त्या वेळी नट सैल केला तर तो पीळ एका क्षणात हातावर, नाहीतर तोंडावर सुटतो.

विजेची भीती लहान पोरालाही असते. स्प्रिंगची कोणालाच नसते. ती ना तापते, ना आवाज करते. दुप्पट दाबली की तिच्यात चौपट शक्ती साठते. मोटारसायकलचा शॉकअप पायाने दाबून खोलणारे, ट्रकच्या मागच्या चाकाजवळचा स्प्रिंगचा ब्रेक-डबा छिन्नीने उघडणारे कारागीर पाहिले की छातीत धस्स होते. हा डबा तर उघडूच नये, सबंध बदलावा.

कारागिराच्या हिमतीचे कौतुक पुरे झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. शंभर-दोनशे रुपयांचा संरक्षक चष्मा मालकाने घेऊन द्यावा. आणि चौदा वर्षांखालील पोराच्या हाती पाना देणे, हा २०१६ च्या कायदादुरुस्तीनंतर कोणत्याही गॅरेजात गुन्हाच आहे.

इजा झालीच तर? डोळ्याला मार लागल्यास चोळू नका, दाबू नका. काही रुतले असेल तर उपटू नका, पाणी मारू नका, थेंब घालू नका. वर स्वच्छ वाटी उपडी धरून रुग्णाला नेत्रतज्ज्ञाकडे न्या. बारीक कण आत गेला तर सुरुवातीला फारसे दुखतही नाही, म्हणून 'उद्या बघू' म्हणणे महागात पडते. छातीला किंवा पोटाला फटका बसला आणि वरून जखम दिसत नसली, तरी आत रक्तस्राव असू शकतो, तपासणी हवीच. वाहत्या जखमेत हळद भरू नका. स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे डॉक्टरांना विचारा.

बोट तुटले तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकले तर पेशी मरतात, मग ते जोडणे अवघड होते.