म्हातारपणाची पुंजी कोणाच्या सल्ल्याने?

नोव्हेंबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर निर्बंध घातले. खातेदाराला स्वतःच्याच खात्यातून 5,000 रुपयांपेक्षा जास्त काढता येईना. वर्षभराने, नोव्हेंबर 2022 मध्ये, बँकेचा परवानाच रद्द झाला. त्या वेळी रिझर्व्ह बँकेने सांगितले की सुमारे 79 टक्के ठेवीदारांना त्यांची पूर्ण रक्कम ठेव विम्यातून मिळू शकेल. हा विमा एका बँकेतल्या एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज धरून, जास्तीत जास्त 5 लाख रुपयांचा असतो. ज्यांची ठेव त्याहून मोठी होती, त्यांची वरची रक्कम बँकेच्या अवसायनात अडकली. निवृत्तीचे सगळे पैसे एकाच ठिकाणी ठेवणारी माणसे बहुधा याच गटात मोडतात.

ही बँक होती, म्हणून निदान विमा तरी होता. पतसंस्थेतल्या ठेवीला हे कवच नाही. निधी कंपनीला नाही, मोहल्ल्यातल्या भिशीलाही नाही. पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेड या आपल्या गावांत गॅरेजवाला, शिलाई करणारी खाला, फळांची गाडी लावणारे चाचा यांची बचत बहुतेक अशाच ठिकाणी जाते. कारण साधे आहे. पिग्मी एजंट रोज दुकानाशी येतो, नावाने हाक मारतो, 50 रुपयेसुद्धा घेतो. मोठ्या बँकेच्या काउंटरवर मात्र फॉर्म हातात देऊन ‘भरून आणा’ म्हणतात. पतसंस्था वाईटच असतात असे मी म्हणत नाही. कित्येक चांगल्या चालतात. पण ‘इथे पैसे बुडाले तर कोण देणार?’ हा प्रश्न ठेव ठेवण्याआधी विचारायचा असतो, आणि तो आपल्या घरांत फारसा विचारला जात नाही.

आपल्या समाजात याला आणखी एक पदर आहे, त्याबद्दल मोकळेपणाने बोलले पाहिजे. व्याज नको म्हणून अनेक कुटुंबे बँकेची ठेव टाळतात. ती त्यांची श्रद्धा आहे, तिचा आदरच केला पाहिजे. पण याच श्रद्धेवर काहींनी दुकाने थाटली. बंगळुरूच्या आयएमए कंपनीने ‘व्याज नाही, नफ्यात वाटा’ असे सांगून हजारो मुस्लिम कुटुंबांकडून पैसे घेतले. काही धर्मगुरूंनी तिची शिफारस केली होती. जून 2019 मध्ये कंपनी कोसळली, मालक दुबईला पळाला आणि जुलैमध्ये परतल्यावर पकडला गया. लोकांनी मुलींच्या लग्नाचे, हजचे, म्हातारपणाचे पैसे तिथे ठेवले होते.

माझ्या मते इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले गेले. हा व्यवहार जायज आहे का, हा एक प्रश्न. तो आलिमांना विचारावा. पैसे घेणाऱ्याला ते घेण्याचा कायदेशीर परवाना आहे का आणि पैसे सुरक्षित राहतील का, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर आलिमांकडे नसते. ते रिझर्व्ह बँक, सेबी, पेन्शन नियामक किंवा सहकार खात्याच्या नोंदीत असते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचेही मिळाले असे समजणे, तिथेच घात होतो. ज्यांना व्याज टाळायचे आहे त्यांच्यासाठी शरियतच्या निकषांवर चालणारे, सेबीकडे नोंदणी असलेले म्युच्युअल फंडही देशात आहेत. त्यांत बाजाराची जोखीम असते आणि ती आधीच सांगितली जाते. ‘ठरलेला नफा, शून्य धोका’ असे सांगणारा माणूस मात्र कोणत्याही धर्माचा असो, त्याच्यापासून लांबच राहावे.

मग सल्ला कोणाचा घ्यायचा? सल्ला देणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. तुमचा नोंदणी क्रमांक काय? यातून तुम्हाला कमिशन किती मिळते? मला मध्येच पैसे लागले तर कधी आणि किती कापून मिळतील? प्रामाणिक माणूस या प्रश्नांनी चिडत नाही. कमिशन घेणे गुन्हा नाही, पण ते लपवले जात असेल तर सल्ला आपल्या हिताचा की त्याच्या, हे ओळखता येत नाही. एखादी संस्था लोकांकडून ठेवी घेऊ शकते का, हे रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘सचेत’ संकेतस्थळावर पाहता येते, तक्रारही तिथेच करता येते. बँकेबद्दलच्या तक्रारीची माहिती 14448 या क्रमांकावर मिळते.

पेन्शन हा शब्द आपल्याकडे फक्त सरकारी नोकरीशी जोडला जातो. पण अटल पेन्शन योजनेत 18 ते 40 वयाचा, आयकर न भरणारा कोणीही बँक किंवा पोस्टातल्या बचत खात्यातून सामील होऊ शकतो. साठीनंतर दरमहा 5,000 रुपये हवे असतील तर अठराव्या वर्षी महिन्याला 210 रुपये भरावे लागतात, तिसाव्या वर्षी 577 आणि चाळिसाव्या वर्षी 1,454. हा पैसा रोख्यांतही गुंतवला जातो, म्हणून ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनी आलिमांशी बोलून ठरवावे. पण उशिराची किंमत या आकड्यांत स्पष्ट दिसते. ज्यांचे वय निघून गेले, ज्यांच्याकडे काहीच नाही, अशा निराधार बेवा आणि वृद्धांसाठी राज्याच्या संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजना आहेत. त्यांचा अर्ज तहसील कार्यालयात जातो, आणि ‘मंजूर करून देतो’ म्हणत पैसे मागणाऱ्या दलालाची त्यात काहीही गरज नसते.

तरुण मित्र-मैत्रिणींनो, ही माहिती गुप्त नाही. ती तुमच्या हातातल्या मोबाईलवर आहे. अम्मी-अब्बूंना ती शोधता येत नाही, आणि विचारायला त्यांना संकोच वाटतो. म्हणून सुरुवात घरापासून करा. या रविवारी घरातली सगळी पासबुके, पावत्या, विम्याचे कागद एका जागी आणा. कोणते पैसे कुठे आहेत, वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, संस्थेची नोंदणी कोणाकडे आहे, हे एका वहीत लिहा. एकाच ठिकाणी 5 लाखांहून अधिक असतील तर ते विभागण्याचा विचार करा. मग मोहल्ल्यात दोघा-तिघांनी मिळून महिन्यातून एक संध्याकाळ वाचनालयात किंवा शाळेच्या वर्गात बसा. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे आर्थिक साक्षरतेसाठी माणसे असतात, त्यांना बोलवा. तुम्ही कोणालाही ‘इथे पैसे लावा’ असे सांगू नका. फक्त कागद वाचून दाखवा, नोंदणी तपासून द्या, अर्ज भरून द्या. आणि त्याबद्दल एक रुपयाही घेऊ नका.

कोणाची अमानत सांभाळणे ही आपल्याकडे मोठी गोष्ट मानली जाते. ज्या खालाने वीस वर्षे शिलाई करून चार पैसे जोडले, तिला ते कुठे ठेवायचे हे नीट समजावून सांगणे, हेही अमानत सांभाळणेच आहे.