अभ्यासाचा ताण: ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणून का भागत नाही?

परीक्षा जवळ आली की ‘टेन्शन घेऊ नको’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. पण टेन्शन आलंच तर करायचं काय, हे मुलांना कोण शिकवतं?

प्रश्न किती मोठा आहे?

एनसीईआरटीने 2022 मध्ये सहावी ते बारावीच्या सुमारे 3 लाख 80 हजार विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण केलं. त्यात 81 टक्के मुलांनी चिंतेचं मोठं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांकडे बोट दाखवलं. त्याच वर्षी देशात 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची सरकारी नोंद झाली. त्यात महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर होता. प्रत्येक आत्महत्येमागे एकच कारण नसतं, तरीही हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

सुप्रीम कोर्ट काय म्हणालं?

विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या विद्यार्थिनीच्या मृत्यूप्रकरणी कोर्टाने 25 जुलै 2025 रोजी 15 मार्गदर्शक सूचना दिल्या. 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, गुणांवरून वेगळ्या बॅच नकोत, चारचौघांत अपमान नको, असं त्यात म्हटलं आहे.

मग वर्गात काय शिकवायचं?

समुपदेशकाकडे मूल बहुतेकदा त्रास वाढल्यावर जातं. ताण ओळखायला त्याआधीच शिकवावं लागतं. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात भावनिक आरोग्य हा विषय आहे आणि त्यासाठी आठवड्याला एक तासही ठरलेला आहे. तो तास पोर्शन संपवण्यात गेला, तर योजना कागदावरच राहते.

या तासाला शिकवण्यासारखं बरंच आहे:

• पेपरआधी छाती धडधडणं, हाताला घाम येणं म्हणजे शरीराची तयारी. थोडा ताण कामाचाच असतो.
• श्वास सावकाश, लांब सोडला की धडधड कमी होते.
• मोठा धडा छोट्या भागांत वाचावा.
• वाचलेलं झोपेत पक्कं होतं, त्यामुळे जागरण तोट्याचं.
• झोप, भूक, बोलणं बरेच दिवस बिघडलं तर मदत मागावी. यात कमीपणा नाही.

पालकांचं काय?

दहावी-बारावीत नापास झालं तरी पुरवणी परीक्षा असते. हे निकालानंतर नाही, आधीच सांगा. ‘काहीही झालं तरी आधी घरी ये’ हे वाक्य मुलाला ठाऊक असलं पाहिजे.

मदत हवी असल्यास टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर 24 तास बोलता येतं, मराठीतही.