अक्षरे कोणी मोजायची?

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एक साताऱ्यात शिकवतो, दुसरा सांगलीत. आमच्या एका विद्यार्थ्याने अभंगाच्या चरणातील अक्षरे मोजणारा छोटासा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिला. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार, हे तो वर्गात शिकला होता. संगणकाने मात्र एकट्या ‘विठ्ठल’ या शब्दातच सहा मोजली. संगणकाच्या अध्यापकांनी सांगितले, ‘मराठीत असे होतेच, उदाहरण इंग्रजीत घे.’ मराठी विभागातून उत्तर आले, ‘हा आपला विषय नव्हे.’

यांतले दुसरे उत्तर अधिक लाजिरवाणे आहे, आणि हा लेख त्याच्याविरुद्ध आहे.

स्ट्रिंग म्हणजे चिन्हांची माळ. तिची लांबी मोजणे, तुकडा कापणे, ती उलटी करणे, दोन माळांची तुलना करणे हा नवशिक्याचा पहिला पाठ. पायथनच्या आजच्या आवृत्त्यांत या माळेचा प्रत्येक मणी म्हणजे युनिकोडचा एक संकेतांक. ‘विठ्ठल’चे मणी असे: व, वेलांटी, ठ, हलन्तचिन्ह, ठ, ल. एकूण सहा. व्याकरणाच्या दृष्टीने वर्ण मोजले तर व्, इ, ठ्, ठ्, अ, ल्, अ असे सात भरतात. छंदःशास्त्राच्या दृष्टीने अक्षरे तीनच. म्हणजे यंत्राचे सहा हे ना वर्ण, ना अक्षरे. ती लेखनचिन्हे आहेत. यंत्र चुकलेले नाही. त्याला नेमके काय विचारायचे, हे सांगणारा तेथे कोणी नव्हता. वर्ण, अक्षर आणि चिन्ह यांतील भेद सांगणे हा आपला विषय नव्हे, तर मग कोणाचा?

‘सातारा’ आणि ‘सांगली’ ही दोन्ही नावे तीन अक्षरी. पायथनच्या लेखी दोन्हींची लांबी सहा. सांगलीचे पहिले पाच मणी घेतले की ‘सांगल’ उरते. माळ उलटी केली की वेलांटी निराधार होऊन आरंभीच लोंबते. ‘कऱ्हाड’ दोन तऱ्हांनी टंकता येते: स्वतंत्र ‘ऱ’ घेऊन, किंवा साध्या ‘र’च्या हलन्तापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखीच; साध्या तुलनेत मात्र ती भिन्न ठरतात आणि शोधणाऱ्याला गावच सापडत नाही. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे बसतो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो, म्हणून संकेतांकांनुसार लावलेल्या यादीत ‘कळस’ हा ‘कवी’च्या आधी येतो. वाईसारख्या गावात बसून विश्वकोशाच्या नोंदी अकारविल्हे लावणाऱ्यांच्या जिल्ह्यात तरी याची कोणाला खंत वाटावी.

नवशिक्याला सोपे उदाहरण हवे, असा आक्षेप येईल. साताऱ्याच्या मुलाला ‘सातारा’ हा शब्द अवघड कधीपासून झाला? साध्या इंग्रजी शब्दात संकेतांक आणि अक्षर एकच दिसतात. त्यामुळे तो पाठ सोपा होत नाही, अपुरा राहतो. पुढे मराठी शब्द मोडला की मुलाला वाटते, दोष आपल्या भाषेत आहे. खरा तोटा हा आहे.

अक्षर-विभाजनाच्या युनिकोडच्या सर्वसाधारण नियमांत देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याची तरतूद २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत आली. तोपर्यंत ‘क्ष’चेही दोन तुकडे पडत. असे नियम आकाशातून पडत नाहीत. कोणीतरी ते मागावे लागतात, त्यांची कारणे द्यावी लागतात. मराठीचे विभाग अशा वेळी कोठे असतात?

त्या विद्यार्थ्याला आम्ही फळ्यावर एवढेच लिहून दिले: काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग मोजू नयेत, हलन्तचिन्ह आणि अदृश्य जोडचिन्ह मोजू नये, हलन्तानंतर लगेच येणारे व्यंजनही मोजू नये. प्रोग्रॅम त्याने स्वतःच दुरुस्त केला. ‘विठ्ठल’ तीन अक्षरांचा झाला. त्यासाठी आम्हांला संगणकशास्त्र शिकावे लागले नाही. वर्षानुवर्षे छंदाच्या तासाला जे सांगत आलो, तेच नेमकेपणाने सांगावे लागले.